विजेत्याच्या वहिनीचा कबुलीजबाब

केदार, तुझी शोकसभा वेळेवर सुरू झाली. वाईट वाटून घेऊ नकोस.

तू असतास तर पंचवीस मिनिटं उशिरा उगवला असतास आणि "वहिनी, लखनऊ में साढ़े पाँच मतलब छह" असं म्हणत मागच्या खुर्चीत चहा घेऊन बसला असतास. पण मंडळ पडलं मराठी. बर्वे काकांनी पाच एकोणतीसला घड्याळाकडे पाहिलं आणि साडेपाचला माइक ठोकला. तुझा दादा हार घेऊन हजरतगंजच्या गर्दीत अडकला होता. त्यामुळे बिनहाराच्या फोटोसमोर दोन मिनिटं शांतता झाली, दोन भाषणं झाली, आणि तिसऱ्या भाषणाच्या मध्यावर तुझा दादा घामाघूम होऊन आला. हार घालताना त्याने फोटोच पाडला. मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अरे अरे, लागलं का?"

मी हसले. मोठ्याने. शोकसभेत सगळ्यांत आधी हसलेली व्यक्ती म्हणजे मयताची सख्खी वहिनी, असा विक्रम मंडळात आता माझ्या नावावर आहे.

फोटो कुठला, हे तुला सांगायला नको. तोच. भाड्याची शेरवानी, उजवा हात कपाळाशी, ओठांवर आदाब, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'केदार लखनवी'. पेजेवर आणि घावण्यांवर वाढलेला कोकणी मुलगा! आपलं चांगलं पाच अक्षरी आडनाव चॅनेलवाल्यांनी कापलं, कारण ते पडद्यावर मावेना. तू तो फोटो माळ्यावर टाकायचास, मी तो खाली आणून पुसायचे, तू परत टाकायचास. पंधरा वर्षं चाललेल्या या सामन्यात शेवटी मी जिंकले. अजिबात मजा आली नाही.

तिसऱ्या रांगेत झेबा बसली होती. अमीनाबादच्या, कापड रंगवणाऱ्या रंगरेजाची मुलगी, एकोणीस वर्षांची. त्यातली सहा वर्षं तुझ्या वरच्या खोलीत सा लावण्यात गेलेली. टीव्हीवरची जी गाण्याची स्पर्धा तू जिंकलास त्याच स्पर्धेसाठी तिची लखनौमधून निवड झाली आहे. सोमवारच्या गाडीने तिने मुंबईला जायचं होतं, किंवा फोन करून नाही म्हणून कळवायचं होतं. तिने तुला विचारलं होतं, "सर, जाऊँ?" तू म्हणालास, "इतवार को बताऊँगा." आणि शुक्रवारीच निघून गेलास. ही कुठली पद्धत झाली?

सभेआधी तिने मला जिन्यात गाठलं. "भाभी, सर ने आपसे कुछ कहा था? मेरे बारे में?"

मी म्हटलं, "सभा सुरू होतेय." आणि पळाले. तू मला ओळखतोस. मी कुठूनही पळत नाही. या वेळी पळाले, कारण तू मला बरंच काही म्हणाला होतास, आणि मी तुला एक गोष्ट अठरा वर्षं म्हणाले नव्हते.

सुरुवातीपासून सांगते. मध्ये बोलू नकोस.

चॅनेलवाले घरी चित्रीकरणाला आले तो दिवस तुला आठवत असेल. विकास नगरमधलं आपलं घर पाहून त्यांच्यातली ती चष्मेवाली बाई हिरमुसली. "यहाँ तो सब ठीक-ठाक है," ती म्हणाली, जणू भिंतीत वाळवी निघाली होती. तुझा दादा संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, मी बँकेत. दुःख आणायचं कुठून? शेवटी त्यांनी फ्रीजवर चादर टाकली, सोफा मागच्या अंगणात नेऊन ठेवला, तुला जमिनीवर बसवलं, आणि मला विचारलं, "भाभी जी, थोड़ा-सा रो सकती हैं?"

मला! शाळेच्या नाटकात दोनदा मेलेल्या बाईला! मी अशी रडले की चित्रीकरण दोनदा थांबवावं लागलं. पहिल्यांदा कॅमेरावाल्याचंच नाक वाहायला लागलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा तुझा दादा आतून धावत आला, "कोण गेलं? कोण गेलं?" असं ओरडत, म्हणून. ते रडणं देशभर दिसलं. पुढे दोन महिने भाजीवाला मला "रोने वाली भाभी" म्हणायचा आणि कोथिंबीर फुकट घालायचा. तू मुंबईहून फोनवर म्हणालास, "वहिनी, सब आपका ही पूछ रहे हैं." मी केवढी फुगले!

मग अंतिम फेरीचा रविवार आला. मंडळाच्या सभागृहात चाळीस कुटुंबं, मी प्रचारप्रमुख, छातीवर तुझ्या फोटोचा बिल्ला. मत द्यायचं ते मोबाइलवरून संदेश पाठवून. रात्री निकाल लागला, तू जिंकलास, सभागृहात लोक खुर्च्यांवर उभे राहिले. तू स्टेजवरून उतरल्या उतरल्या फोन केलास. रडत होतास. "वहिनी, आपने जिता दिया! आप लोगों ने जिता दिया!" बर्वे काकांनी मला शाल आणि श्रीफळ दिलं. त्यानंतर दर गणपतीत तू मंडळात गायला बसलास की पहिलं वाक्य तेच: "माझा विजय म्हणजे या चाळीस घरांची मतं." आणि सगळे माझ्याकडे पाहायचे, आणि मी पदर सावरायचे.

पुढचं तुझं तुला माहीत आहे, पण मला सांगू दे. हे मी फार छान सांगते.

पहिलं वर्ष काय वर्ष होतं! उघड्या जीपमधून हजरतगंजात मिरवणूक. अमीनाबादेत साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, मग गाद्यांच्या दुकानाचं, मग दातांच्या दवाखान्याचं; तिथे डॉक्टरांनी तुझी दाढ फुकट तपासली आणि दोन किडलेल्या आहेत असं माइकवरून सांगितलं. एका लग्नात नवरदेवाचा घोडा अडून बसला तर लोक म्हणाले, "केदार भाई, कुछ गा दीजिए, शायद चल पड़े." तू गायलास. घोडा चालला. तू म्हणायचास की तुझ्या कारकिर्दीतली सगळ्यांत खरी दाद तीच.

मग ते सिनेमातलं गाणं. आम्ही मंडळाची बत्तीस माणसं घेऊन हजरतगंजच्या थिएटरात गेलो. पडद्यावर एक चहाची टपरी आली, टपरीवर एक रेडिओ, आणि रेडिओवर तू. अकरा सेकंद. नेमक्या त्याच वेळी बर्वे काका म्हणाले, "केदारचं कधी आहे?" आणि बत्तीस जणांनी त्यांना "श्शू!" केलं. तू त्या श्शूच्या खाली गेलास. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. काकांना घरी ठेवून.

तीन वर्षांनी तू दोन बॅगा आणि ती ट्रॉफी घेऊन परत आलास, वरच्या खोलीत राहिलास आणि शिकवायला लागलास. तेव्हापासून आपला तो वाद. दर वर्षी नवा हंगाम, नवा विजेता, आणि सोफ्यावर तू आणि मी. टीव्हीवरची स्पर्धा जिंकणारे टिकतात का?

मी म्हणायचे, नाही टिकत. विजेता म्हणजे नवरदेव. एक दिवस घोड्यावर. दुसऱ्या दिवशी घोडा दुसऱ्याच्या दारात. चार महिने तो दुसऱ्यांची गाणी जीव तोडून गातो, लोक डोळे पुसतात, आणि मग विचारतात, बरं, आता तुझं स्वतःचं गाणं कुठलं? तोवर पुढच्या हंगामाची जाहिरात सुरू झालेली असते.

तू म्हणायचास, "वो बात नहीं है, वहिनी. जो जीतता है न, लोग समझते हैं इसका हो गया. काम तीसरे नंबरवाले को देते हैं, बेचारे का अभी बाकी है." मग तू बोटांवर मोजून दाखवायचास: अमक्या वर्षीचा हरलेला अमुक करतोय, तमक्या वर्षीची रडून गेलेली तमुक गातेय. मी म्हणायचे, आणि तमक्या वर्षीचा जिंकलेला अजून गातोय त्याचं काय? एखादा असतो की. तू म्हणायचास, "एकाध तो आम भी बिना मौसम का निकल आता है."

एकदा मी चिडून विचारलं, मग तू? तू टिकलास की नाही?

तू मराठीत म्हणालास, "वहिनी, टिकतं ते लोणचं. गाणाऱ्याला रोज नव्याने गावं लागतं."

मी म्हटलं, हे वाक्य कुठेतरी लिहून ठेव. तू म्हणालास, "आप ही रखिए, आप सुनाती अच्छा हैं." बघ, ऐकवलं.

एरवी तू मला हिंदीतच उत्तरं द्यायचास. हिंदीत मी 'आप', मराठीत 'तू'. मराठीवर आलास की मी समजायचे, आता खरं बोलणार आहे.

त्या गुरुवारी तू मराठीवर आलास.

मी घावणे घालत होते. तू दोन खाल्लेस आणि म्हणालास, झेबाला नको म्हणणार आहे. मी उलथणं घेऊन वळले. "का? मुलगी गाते. निवडली आहे. तू कोण अडवणारा?"

"अभी नहीं, वहिनी. दो-चार साल बाद."

"दो-चार वर्षांत तिचं लग्न लावतील तिच्या घरचे. मग गाईल ती भांडी घासताना."

"तुला नाही कळत," तू म्हणालास. मराठी. मी गॅस बारीक केला.

"मला तू जिंकवलंस. मंडळाने जिंकवलं. फ्रीजवरच्या चादरीने जिंकवलं. माझा आवाज कुणी ऐकला? लोकांनी तुझं रडणं ऐकलं. नंतर मुंबईत ज्या ज्या स्टेजवर उभा राहिलो, तिथे वाटायचं, आज आपली चाळीस घरं समोर नाहीत. आता यांना कळणार. आवाज घशातच बसायचा. रेकॉर्डिंगला गेलो तरी तेच. मी हरलो असतो ना वहिनी, तर शिकलो असतो. उसनं जिंकलो. तिचं तसं व्हायला नको."

केदार, अठरा वर्षं तू जे गणपतीसमोर म्हणत होतास, त्याला मी आभार समजत होते. पदर सावरत होते. ती तक्रार होती.

आणि मला तेव्हाच, त्या गॅसपाशी, एक वाक्य बोलायचं होतं. एकच. ते मी बोलले नाही. मला इतकी लाज वाटली, की त्या लाजेचा राग झाला. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल: "तू घाबरट आहेस. स्वतः टिकला नाहीस म्हणून पोरीचे पाय ओढतोस."

तू ताटातला तिसरा घावणा अर्धा टाकून वर गेलास. तू कधी घावणा टाकला नव्हतास. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या खोलीतून तानपुऱ्याच्या यंत्राचा आवाज येत होता, म्हणून आम्हाला वाटलं तू आहेस. तासाभराने तुझा दादा चहा घेऊन वर गेला.

ते न बोललेलं वाक्य आता बोलते. बसला आहेस ना?

तुझ्या विजयात आमचं एकही मत नव्हतं.

एकही नाही. चाळीस घरांतलं शून्य. झालं असं की बर्वे काकांनी मतदानाची वेळ ठरवली होती संध्याकाळी सात. सातला म्हणजे सातला. म्हाताऱ्यांना मोबाइलची बटणं दिसत नाहीत आणि तरुण पोरं भलत्यालाच मत देतील, म्हणून सगळ्यांनी आपापला मोबाइल आतल्या खोलीत टेबलावर ठेवायचा आणि प्रचारप्रमुखांनी सगळ्यांतून पाठवायचं, असा ठराव झाला होता. आत मी एकटी. समोर साठेक मोबाइल, बाहेरून साबुदाणा वड्यांचा वास. मी सातच्या ठोक्याला सुरू केलं. एकेका मोबाइलमधला बॅलन्स संपेपर्यंत तुझं नाव पाठवत गेले. अंगठा सुजला.

मग मोबाइल वाजायला लागले. एक, दोन, दहा, सगळे. प्रत्येकावर तेच उत्तर: मतदान अजून सुरू झालेलं नाही, तुमचं मत धरलं जाणार नाही, धन्यवाद.

मतदान आठला उघडणार होतं.

सगळ्या देशात उशिरा मत दिल्यामुळे कुणी हरलं असेल. वेळेच्या तासभर आधी, एकमताने, ठराव करून मतं वाया घालवणारे फक्त आपण. मी सगळी उत्तरं पुसली, बाहेर आले. काका म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं." टाळ्या पडल्या. मी "जरा येते" म्हणून स्कूटर काढली आणि सेक्टरच्या बाजारातल्या रिचार्जच्या दुकानाकडे सुटले, की निदान पाच-दहा मोबाइल तरी भरून आणावेत.

आठ वाजून गेले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली. मी हेल्मेटसकट वाकून आत पाहिलं. दुकानदार, त्याची म्हातारी आई आणि शेजारचा पानवाला टीव्हीसमोर बसले होते. काउंटरवर तीन मोबाइल.

"भैया, रिचार्ज करना है."

"बाद में आइए मैडम. वोट डाल रहे हैं."

"किसको?"

"केदार को. और किसको?"

आता खोटं कशाला बोलू, मला माझं कौतुक ऐकायचं होतं. मी हेल्मेटच्या आतून विचारलं, "उसकी भाभी बहुत रोती है, इसलिए?"

"अरे वो रोना-धोना सब ड्रामा है," तो म्हणाला. "वो औरत तो हमको एक नंबर की नौटंकी लगती है. लड़का गाता है, मैडम."

"चुप," त्याची आई म्हणाली. "अंतरा आ रहा है."

आणि सगळे गप्प झाले. पानवाल्याने तोंडातलं पान चावायचं थांबवलं. मी अर्ध्या शटरखाली, कंबरेत वाकून, हेल्मेट घालून, तुझं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. पाठीत उसण भरली, ती अजून थंडीत बोलते. गाणं संपलं. म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि मुलाला म्हणाली, "मेरे वाले से भी डाल दे."

त्यांना तू कोण ते माहीत नव्हतं. कोकणातला की कुठला, कुठल्या मंडळाचा, काही नाही. त्यांनी फक्त ऐकलं होतं. आणि अशी किती दुकानं त्या दिवशी अर्ध्या शटरने चालली असतील! तुला त्यांनी जिंकवलं, केदार. उसनं काही नव्हतं. तुझंच होतं.

मी परत आले ती रिचार्ज न करताच. त्याच रात्री सांगायला हवं होतं. पण शाल मिळाली, आणि शाल चांगली होती. मग दुसऱ्या दिवशी सांगावं म्हटलं तर पेढे वाटून झाले होते. मग गणपती आले. आणि मग ते न सांगणं माझ्या अंगवळणी पडलं, चष्म्यासारखं. आहे हेच विसरायला झालं. एका नौटंकी बाईच्या मानापायी तू अठरा वर्षं स्वतःच्या गळ्यावर संशय घेत राहिलास. घावणा टाकलास ते कमीच केलंस. तवा फेकायला हवा होतास.

तर, शोकसभा. बर्वे काका शेवटी बोलायला उभे राहिले. आता त्र्याऐंशी पूर्ण, पण आवाज तसाच. "केदारला आपल्या मंडळाच्या मतांनी विजयी केलं. आता त्याची शिष्या त्याच स्पर्धेला निघाली आहे. तिलाही आपण जिंकवू! प्रचारप्रमुख तुम्हीच, वहिनी!" टाळ्या वाजल्या. शोकसभेत.

मी झेबाकडे पाहिलं. पोरीला मराठी अर्धंमुर्धं कळतं, पण तेवढं नेमकं कळलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. तुझ्या घशात जे जाऊन बसलं, ते मी डोळ्यांदेखत तिच्या घशात उतरताना पाहिलं.

मी उठले. माइक घेतला. हिंदीत बोलले, तिच्यासाठी. सगळं सांगितलं, सात, आठ, मोबाइल, शटर, म्हातारी, नौटंकी. न रडता. तुझा दादा हातातली हाराची पिशवी चुरगळत माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

 मग बर्वे काका सावकाश म्हणाले, "पण वेळ सातची ठरली होती."

"आपली सातची ठरली होती, काका. त्यांची आठची."

काकांनी विचार केला. "मग चूक त्यांची."

मी म्हटलं, "शाल परत करते." खजिनदारबाई म्हणाल्या, "परत घ्यायची पद्धत नाही." मागून कोणीतरी म्हणालं, "माझं मत पोचलं होतं, मला धन्यवाद आला होता!" आणि मग अख्खं मंडळ भांडायला लागलं. एवढी रंगलेली शोकसभा लखनौच्या मराठी माणसांनी पाहिली नसेल. तू हवा होतास रे.

झेबा बाहेर पायऱ्यांवर थांबली होती. मी तिला तुझा गुरुवारही सांगितला. काही गाळलं नाही. मी काय म्हणाले तेही नाही.

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मतलब सर की तरफ से ना थी."

"हो. ना होती."

"और अगर उनको ये दुकानवाली बात पता होती?"

तोंडावर आलं होतं, की मग हो म्हणाले असते. किती सोपं होतं! तू काही उठून खोडणार नव्हतास. पण तुझ्या नावावर मी एकदा पुष्कळ खपवलं आहे. मी म्हटलं, "नहीं मालूम, बेटा. खरंच नाही माहीत."

ती म्हणाली, "मैं हार से नहीं डरती, भाभी. हार के लौटूँगी तो सिखाएगा कौन?"

 याचं उत्तर तुझ्याकडे असतं का, ते गुरुवारी विचारायला हवं होतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले, आणि आजवर कॅमेऱ्यासमोर, माइकसमोर, कुणासमोर आलं नव्हतं ते खरं रडू तिथे आलं. बेसूर. कुणी दाद दिली नसती असं.

रविवारी रात्री तिचा फोन आला. "मैं जा रही हूँ."

आज सोमवार. तिला गाडीत बसवायला मी गेले होते. तिचे अब्बा तिच्यासोबत मुंबईपर्यंत निघाले होते. त्यांची नखं अजून निळी होती, रंगाची. खिडकीतून ती म्हणाली, "आप वोट करेंगी न?"

"नाही," मी म्हटलं. "एक भी नहीं. मंडळालाही बजावलं आहे. आम्ही फक्त ऐकणार."

ती हसली. मग हसू गेलं. "सर नाराज़ होंगे?"

"होतील. तुझ्यावर नाही, माझ्यावर. ते आमचं आम्ही बघून घेऊ."

गाडी सुटली. आणि मी तिथेच, फलाटावर, तुझ्याशी सुरू झाले. तू आधी का नाही बोललास, मी विचारलं नाही तरी तू सांगायचंस, एवढी वर्षं हिंदीत कशाला घालवलीस, इतवार म्हणून शुक्रवारी कोण जातं. बहुधा मोठ्याने. कारण एक हमाल डोक्यावरचं सामान उतरवून माझ्यासमोर उभा राहिला.

"आंटी जी, गाड़ी तो गई. किससे लड़ रही हैं?"

"देवर से," मी म्हटलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पण लखनौचा माणूस. त्याने विचारलं नाही.

"तो घर जाके लड़िए न, आराम से. यहाँ अगली गाड़ी लगने वाली है."

म्हणून घरी आले. बस समोर, केदार.